थोरलीचा पहिला खोकला

आमच्या व्याह्यांइतका कानाने जगलेला माणूस उभ्या पिंपरी-चिंचवडात, आणि पुढे पार चाकणपर्यंत गेलात तरी, दुसरा सापडायचा नाही. आपण डोळ्यांनी बघतो, जिभेने चाखतो, नाकाने हुंगतो; ते ही सगळी कामं कानाने करायचे. भाकरी फुगली की नाही हे तव्याकडे पाठ करून सांगायचे. त्यांच्या कुरुळीतल्या घरावरून गेलेला ट्रक भरलेला होता की रिकामा, हे अंथरुणात पडल्या पडल्या सांगायचे. फार कशाला, माझी मुलगी त्यांनी सून म्हणून पसंत केली तीसुद्धा कानानेच. आमच्या आकुर्डीच्या घरी बघण्याचा कार्यक्रम होता. पोहे आले, मुलगी आली, तिने वाकून नमस्कार केला, आणि हे गृहस्थ मान वर करून डोळे मिटून बसलेले. मला वाटलं, देवाचं नाव घेत असतील. मग डोळे उघडून म्हणाले, “पंख्याचं बेअरिंग चाललंय. लई दिस न्हाई काढायचा.” आम्ही सगळे पंख्याकडे बघायला लागलो. कुणालाच काही ऐकू येईना. एकटी माझी लेक मात्र खाली मान घालून हळूच म्हणाली, “हो ना. झोपताना मला ऐकू येतं. बारीक टिकटिक करतो.” झालं! व्याही आपल्या बायकोकडे वळले आणि म्हणाले, “पोरीला कान हाय.” मुलीचं शिक्षण, उंची, स्वयंपाक, कशाकशाबद्दल एक अक्षरही विचारलं नाही. लग्नाची खरेदी चालू असतानाच एके दुपारी तो पंखा कर्र करून बसला, आणि माझ्या मनात या माणसाबद्दल जो आदर बसला तो आजतागायत उठलेला नाही.

त्यांचं सारं आयुष्य गेलं दुचाकीच्या कारखान्यात, इंजिनं तपासायच्या विभागात. तिथे घड्याळासारख्या काट्यांची यंत्रं होतीच, पण काट्यांचं समाधान झालं तरी साहेबलोक म्हणायचे, एकदा त्यांना ऐकवा. एक लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर, त्याचं टोक इंजिनाला टेकवायचं, लाकडी मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. डॉक्टर नळी लावतात ना छातीला, तसंच. निवृत्त झाल्यावर तो स्क्रू ड्रायव्हर घरी आला आणि घरातल्या कुठल्याही वस्तूला मग सुखाने आजारी पडता येईना. फ्रिज तपासला, मिक्सर तपासला, पाण्याची मोटर तर रोज सकाळी तपासायची. एकदा मी त्यांच्या ओसरीच्या पायऱ्या चढत होते, तर म्हणाले, “इहीणबाई, डाव्या गुडघ्यातलं वंगण संपलंय.” मी म्हटलं, “दादा, स्क्रू ड्रायव्हर न लावताच?” तर म्हणाले, “लांबनं आलं ऐकू.” डॉक्टरांनी नंतर फोटो काढून, भरपूर वेळ बसवून, तेच सांगितलं.

पण या कानाचं खरं माहेर म्हणजे त्यांची मोटार. काळीभोर, फुगीर गालांची, पुढचे दोन दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे बाहेर आलेले. त्यांच्या तरुणपणीसुद्धा ती जुनीच होती. पुण्यातल्या कुणा म्हाताऱ्या डॉक्टरांच्या शेडमध्ये पडून होती, आणि मागच्या सीटवर म्हणे कोंबडी अंडी उबवत बसलेली होती. व्याह्यांनी पिल्लं बाहेर यायची वाट बघितली आणि मगच गाडी हलवली. तिचं नाव थोरली. का, तर ती लग्नाआधी घरात आली. विहीणबाई नंतर आल्या, म्हणून त्या धाकट्या. आता असली चेष्टा बायकोने किती वर्षं ऐकून घ्यावी? पण विहीणबाईही कमी नाहीत. त्या सांगतात, “माझी वरात हिच्यातनंच निघाली, आन् नदीच्या पुलावर ही रुसली. माझ्या भावांनी धक्का मारीत मला सासरी आणली बगा. म्हंजी मला माहेरच्यांनी अक्षरशः ढकललं.” त्या गाडीत त्या कायम मागे बसायच्या. पुढच्या सीटवर हत्यारांची पेटी. ती पेटी कधी डिकीत गेली नाही आणि विहीणबाई कधी पुढे आल्या नाहीत.

थोरलीला सुरू करणं हा एक विधीच होता. आधी सगळ्यांना फाटकाबाहेर घालवायचं. “लांब व्हा, बोलू नगा, ऐकू द्या,” अशी दटावणी. मग स्वतः आत बसून चोकची मूठ बाहेर ओढायची आणि सेल्फ मारायचा. गाडी घुर्र घुर्र करायची आणि मध्येच एकदा, अगदी बारीक, खोकायची. हा पहिला खोकला म्हणजे सारं काही. तो ऐकू आला की त्याच क्षणी चोक निम्मा आत ढकलायचा. मला त्यांनी एकदा समजावून सांगितलं होतं, “इहीणबाई, थंड इंजिनाला पयल्यांदी पेट्रोल जास्त लागतं, आजारी माणसाला आधी पेज पाजावी तसं. पण त्यानं डोळं उघडलं की पाजायचं थांबवायचं. न्हाईतर घशाशी येतं.” घशाशी आलं की सगळे प्लग ओले, नुसता पेट्रोलचा वास, आणि मग कितीही मिनतवाऱ्या करा. त्यामुळे चोकला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे. पोटच्या मुलाचाही नाही. आमचे जावई चाकणला विजेच्या गाड्यांच्या कंपनीत आहेत. त्यांनी स्वतःची तसली गाडी घेतली तेव्हा मोठ्या हौसेने वडिलांना बसवून फिरवून आणलं. “बघा बाबा, बटण दाबलं की चालू. आवाजच नाही.” व्याही उतरले, गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, “आवाज न्हाई तर मग जिती हाय का मेली, हे कळायचं कसं?”

तर अशी ती थोरली गेल्या दिवाळीपासून सुरू व्हायला कुरकुर करायला लागली. आधी दहा वेळा मारावं तेव्हा एकदा लागायची. मग तेही बंद. आणि व्याही हात धुऊन मागे लागले. प्लग काढून गॅसच्या शेगडीवर भाजायचे, म्हणजे विहीणबाईंची भाजी एका शेगडीवर आणि दुसरीवर प्लग. कार्बोरेटर उघडला तो कणकेच्या परातीत. त्याचे ते इवले इवले पितळी भाग पेट्रोलमध्ये बुडवून, सायकलच्या पंपाने हवा मारून, दाढीच्या ब्रशने पुसून परत बसवले. परात विहीणबाईंनी चिंचेने घासली, राखेने घासली, तरी पुढचे कितीतरी दिवस त्यांच्या घरची पोळी खाल्ली की माणूस चाकणपर्यंत पळेल असं वाटायचं. पॉइंट घासले, कॉइल बदलली, बॅटरी नवी आणली, पेट्रोलच्या पंपातला पडदा नवा टाकला. कंपन्यांची शिफ्ट सुटली की गल्लीतल्या भाड्याच्या खोल्यांमधली पोरं फाटकाशी जमायची. कुणी बीडकडचं, कुणी कोकणातलं, पण इंजिनाच्या बाबतीत प्रत्येकाला बोलायचा हक्क. “काका, अर्थिंग बघा.” “अहो राव, पेट्रोलमध्येच भेसळ असणार.” “भावा, गाडीला नजर लागली असंल, लिंबू उतरव.” व्याह्यांनी तेही केलं. लिंबू-मिरची बंपरला बांधली, पण आधी पाना लावून बंपर घट्ट केला.

जावई म्हणाले, “बाबा, मी बसून बघू का एकदा?” तर त्यांच्याकडे असं बघितलं की जावई ‘मीटिंग आहे’ म्हणून निघून गेले. तेही रविवारी.

मधूनमधून मी जायचे तेव्हा मला त्या घरात आणखीही काहीबाही दिसायचं, पण त्याची गाठ गाडीशी मारायचं माझ्या डोक्यात आलं नाही. टीव्हीचा आवाज असा, की बातम्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्यालाही कळाव्यात. हल्लीची माणसं मिळमिळीत बोलतात, अशी व्याह्यांची नवीनच तक्रार. पाण्याची मोटर बंद करायची राहून जायची आणि टाकी वाहायची. ज्या माणसाला लांबून माझा गुडघा ऐकू येत होता, त्याच्या डोक्यावर टाकी वाहत होती आणि तो शांतपणे पेपर वाचत बसला होता! मला वाटलं, गाडीच्या काळजीने लक्ष नसेल. काळजीने माणूस असाच होतो. बोलणं कमी झालं होतं त्यांचं. नातवंडांनी स्क्रू ड्रायव्हरने खेळावं आणि त्यांनी काही म्हणू नये, हे मला कुठेतरी खटकलं, एवढंच.

मग एक दिवस लेकीचा फोन आला. पुनावळ्याच्या हायवेवर एका माणसाने मोठं हॉटेल काढलंय, त्याला दारात शोभेला ठेवायला जुनी मोटार हवीय. बॉनेट उघडून त्यात फुलांच्या कुंड्या लावायच्या, म्हणजे लोक फोटो काढतील. आणि व्याह्यांनी त्याला शब्द दिला होता, “आयतवारपातूर चालू न्हाई झाली तर घिऊन जावा. पैसं नगंत. फकस्त पावसात उभी करू नगा.” लेक म्हणाली, “आई, तू ये. बाबा कुणाशी बोलत नाहीत. तुझ्याशी तरी बोलतील.” कुरुळीच्या जुन्या माणसांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, तो फिरवायला ते स्वतःही धजावणार नाहीत हे मला ठाऊक होतं. मी पिशवी भरली आणि बस धरली.

शनिवारची सकाळ. मी आणि विहीणबाई स्वयंपाकघरात. तिथली खिडकी नेमकी गाडीच्या शेडकडे उघडते. बाहेर व्याह्यांनी नेहमीसारखं सगळ्यांना फाटकाबाहेर काढलं होतं आणि आत बसून सेल्फ मारत होते. घुर्र घुर्र चाललेलं. विहीणबाईंनी चहाचं आधण ठेवलं होतं, चमच्यात पूड घेऊन त्या नुसत्याच उभ्या. मी म्हटलं, “ताई, टाका की. पाणी उकळलंय.” त्यांनी बोट वर केलं, थांबा म्हणून. आणि बाहेर त्या घुर्र घुर्रमध्ये एक बारीकसा ‘खुक’ झाला.

“खोकली,” असं म्हणून त्यांनी पूड पाण्यात टाकली.

त्यांची ही लग्नापासूनची रीत. गाडी खोकली की पूड टाकायची. चहाला रंग चढेपर्यंत तिकडे इंजिन गरम होतं, आणि गाळायला घेतला की नवरा हात पुसत दारात हजर. घड्याळ कधी बघावंच लागलं नाही. पण त्या दिवशी बाहेर घुर्र घुर्र काही थांबेना. खोकला येऊन गेला, पुन्हा एकदा आला, मग विझला. सेल्फ आपला चालूच. आणि खिडकीतून पेट्रोलचा भपकारा आत आला.

मी विहीणबाईंकडे बघितलं. त्या गॅसकडे बघत होत्या.

“ताई,” मी म्हटलं, “ती तर खोकली. तुम्ही ऐकलीत, मी ऐकली. मग दादांनी चोक का नाही ढकलला?”

त्यांनी गॅस बारीक केला. पदराने कपाळ पुसलं. “रोज खोकती,” त्या म्हणाल्या. “दिवाळीच्या आदीपास्नं बगतीय. तिला कायबी झालं न्हाई, ताई. ती लाख चांगली हाय.”

मग सगळंच माझ्या डोक्यात एकदम जुळलं. टीव्ही, टाकी, मिळमिळीत बोलणारी माणसं. मी विचारलं, “मग सांगितलं का नाहीत त्यांना?”

“काय सांगू? गाडी बिगडली म्हणून ते निस्तं गप झाल्यात. कान बिगडला म्हणून कळलं तर माणूस ऱ्हाईल का?” आणि पुढे म्हणाल्या, “ह्यांचा बाप म्हातारपनी बहिरा झालता. गावातली पोरं त्याच्या म्होरं जाऊन निस्ती तोंडं हलवायची. हसायची. ह्यांनी बगितलंय ते.”

कान गेलेत हे दुसऱ्या कुणाला सांगणं सोपं असेल. पण ज्याच्या कानावर घर उभं राहिलं, सून आली, गावात मान मिळाला, त्याला हे कुठल्या आवाजात सांगायचं? हळू सांगावं तर त्याला ऐकू येणार नाही, आणि मोठ्याने सांगावं तर सगळ्या गावाला ऐकू जाईल. आम्ही दोघी तो चहा तशाच उभ्याने प्यायलो. फार कडू झाला होता. मग मीच म्हटलं, “त्यांना नाही ना ऐकू येत? पण तुम्हाला येतं. तुम्ही गाडीत बसा.”

“मी?” विहीणबाई म्हणाल्या. “सवतीच्या मांडीवर?”

रविवारी हॉटेलवाला आला तो गाडी ओढून न्यायचा ट्रक घेऊनच. त्याच्याबरोबर फुलझाडांचा माणूसही होता आणि तो टेपने बॉनेट मोजायला लागला. फाटकाशी सगळी गल्ली. व्याही स्वच्छ धुतलेला शर्ट घालून थोरलीच्या गालावरची धूळ पुसत होते. तेवढ्यात विहीणबाई लग्नकार्यात नेसायची साडी नेसून, केसांत गजरा माळून घरातून बाहेर आल्या. मी मागे. त्यांनी नवऱ्यासमोर उभं राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “द्यायची तर द्या. पर मला एकदा म्होरं बसायचंय. येवढ्या वर्सांत बसवलं न्हाई.”

“चालू हुईत न्हाई ती,” व्याही म्हणाले.

“न होऊ द्या. बसायला काय चालू लागती?”

गल्ली हसली. व्याह्यांचा नाइलाज झाला. त्यांनी हत्यारांची पेटी उचलली आणि इतकी वर्षं जिची जागा हलली नव्हती ती पेटी ठेवायची कुठे, म्हणून क्षणभर घुटमळले. मी म्हटलं, “द्या इकडे,” आणि ती मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसले. म्हणून पुढचं सगळं मला जवळून दिसलं.

त्यांनी नेहमीसारखं सगळ्यांना लांब केलं. चोक ओढला. डावा हात चोकच्या मुठीवर, उजवा सेल्फवर. विहीणबाईंनी सरळ हात पुढे केला आणि नवऱ्याच्या मनगटावर ठेवला. भरल्या गल्लीसमोर! आमच्या पिढीत असं कुणी करत नाही. फाटकावरच्या म्हाताऱ्यांनी माना फिरवल्या. व्याही दचकले, पण हात काढून घ्यायला तो मोकळा कुठे होता? त्यांनी सेल्फ मारला. घुर्र घुर्र. घुर्र घुर्र. आणि त्यात तो बारीक ‘खुक’.

विहीणबाईंनी मनगटावर चापट मारली.

डोकं काही म्हणायच्या आत त्या हाताने चोक निम्मा आत ढकलला. इतक्या वर्षांची सवय असते हाताची. थोरली एकदा अडखळली, थरथरली, आणि मग जी लागली ती अशी, की माझ्या मांडीवरच्या पेटीतले पाने वाजायला लागले. गल्लीत एकच आरडाओरडा. पोरांनी शिट्ट्या मारल्या. बंपरवरचं लिंबू नाचायला लागलं. फुलझाडांच्या माणसाने टेप गुंडाळून खिशात टाकली.

व्याही मात्र हलले नाहीत. दोन्ही तळवे स्टिअरिंगवर पसरून, ते हादरे हातांनी पीत बसले. मग त्यांनी खाली, मनगटावरच्या बायकोच्या हाताकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस कोसळणार. मी पेटी घट्ट धरली.

“कवापास्नं?” त्यांनी समोर बघतच विचारलं.

विहीणबाई त्यांच्या कानापाशी झुकल्या. “दिवाळीच्या आदीपास्नं.”

त्यांनी मान हलवली. एकदा, मग पुन्हा. मग काच खाली करून हॉटेलवाल्याला म्हणाले, “मालक, कुंड्या दुसऱ्या कशात तरी लावा.” आणि बायकोकडे वळून विचारलं, “चा टाकलाय का?”

“न्हाई. मी हितं हाय न्हवं का.”

“मग आज भाईर पिऊ,” ते म्हणाले, आणि आम्हाला दोघींना घेऊन, फाटकाबाहेरची गल्ली दुभंगवत, थेट हायवेला लागले.

गावाला त्यांनी सांगितलं की कॉइल खराब निघाली होती. गावाने ऐकून घेतलं. फाटकावर तोंडं हलवून हसायला कुणीही आलं नाही. माझ्या लेकीने पुढे त्यांना कानाचं यंत्र आणून दिलं. ते टीव्हीपुरतं घालतात, पण थोरलीपाशी जाताना काढून शर्टाच्या खिशात ठेवतात. म्हणतात, त्यातून इंजिन पत्र्यासारखं ऐकू येतं. आता पुढच्या सीटवर विहीणबाई आणि हत्यारं डिकीत. कुणी विचारलं तर व्याही सांगतात, “थोरलीला धाकटी लागती आता. तिच्याबिगर उठत न्हाई.”

मागच्या महिन्यात दोघं त्याच गाडीतून आमच्याकडे आकुर्डीला आले होते. व्याही त्याच जागी बसले, जिथे मुलगी बघायला आले तेव्हा बसले होते. पंखा अर्थात तो नाही, त्यानंतरचा, पण तोही आता म्हातारा झालाय आणि असा किंचाळतो की शेजारीण भिंतीवर थापा मारते. मी पोहे घेऊन आले तर व्याह्यांची मान वर, डोळे मिटलेले. विहीणबाई आणि मी एकमेकींकडे बघत उभ्या. थोड्या वेळाने ते डोळे उघडून म्हणाले, “ह्यो मातुर झकास हाय.”

विहीणबाई त्यांच्या शेजारी बसल्या आणि पोह्यांची बशी त्यांच्या हातात देता देता मनगटावर दोन बोटं हलकेच वाजवली.

व्याही थांबले. पुन्हा एकदा वर बघितलं. “न्हाई म्हंजी,” ते म्हणाले, “वाईच तेल सोडा, इहीणबाई.”

तेलाची बाटली तेव्हापासून कपाटावर आहे. पंखा अजून किंचाळतोच. शेजारीण थापा मारते, आमचे हे चिडतात, पण मला ते तेल सोडवत नाही. ती दोघं पुन्हा येणार आहेत. मान वर करून, डोळे मिटून ऐकायला त्यांच्यासाठी काहीतरी असू दे.